तीन अंडी आणि चार काठ्या

त्सुनामीच्या बातम्या टीव्हीवरून संपल्या, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. मी चौथीपर्यंत शिकले. लग्न होऊन उत्तनला आले तेव्हापासून किनाऱ्यावर जवळा सुकवायचं काम माझ्याकडे. चार माणसांत मला बोलता येत नाही. खाली मान घालून काम करायची, त्यामुळे वाळू मात्र नीट दिसायची.

वाळूत छोटे पक्षी अंडी घालतात. चिमणीपेक्षा थोडे मोठे, वाळूच्याच रंगाचे. चार पावलं पळतात, थांबतात, पुन्हा पळतात. घरटं म्हणजे नुसता खळगा, त्यात शिंपल्यांचे तुकडे. अंड्यांवर काळ्या रेघोट्या, पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. ऊन वाढलं की पक्षीण पाण्यात पोट भिजवून येते आणि अंड्यांवर बसते. हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

एका रविवारी मिरा रोडची एक बाई आली. गळ्यात दुर्बीण, हातात पक्ष्यांचं पुस्तक. दोन चित्रं दाखवून म्हणाली, "ताई, यातला इथे कुठला असतो? मला तर दोन्ही सारखेच वाटतात."

मी एका चित्रावर बोट ठेवलं. "हा. ह्याच्या गळ्यातली काळी पट्टी पुढे जुळत नाही. दुसऱ्याची जुळते, डोळ्याला पिवळं कडं असतं. तो खाडीकडे दिसतो."

"किती बारीक नजर आहे हो तुमची!" ती म्हणाली. असं मला कोणी कधी म्हटलं नव्हतं. मी तिला घरटं दाखवलं. थोरल्या जावेच्या जागेला लागून मोकळी वाळू होती, तिथे तीन अंडी होती.

कुणाचा पाय पडू नये म्हणून तिने चारी बाजूंना काठ्या रोवल्या आणि त्यांना लाल चिंध्या बांधल्या. आमच्याकडे जवळा सुकवायची जागा धरायची तर अशाच काठ्या रोवतात, अशाच चिंध्या बांधतात. मला ते दिसत होतं. पण ती माझा फोटो काढत होती. मी पदर सारखा करून उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊ जवळ्याने भरलेला हारा घेऊन आली आणि काठ्या बघून थांबली.

"काय गो, जागा धरलीस? माझ्या उशाला?"

मी खाली मान घालून जवळा पसरत राहिले.

"मुकी हाय ना ती. पन हात बघा किती लांब!" एकजण म्हणाली. बायका हसल्या. सासूला बोलावून आणलं. तिने विचारलं, "काठ्या कोनी ठोकल्या?"

"तिथे अंडी आहेत, आई. पाखराची."

"कुठं हायत?" जाऊ वाळूत बघत म्हणाली. "मला न्हाय दिसत. तुमाला दिसतात का गो? का हिलाच डोलं दिलंत देवानं?"

"दाखव," सासू म्हणाली. "न्हायतर खोटारडी म्हनतील आपल्या घराला."

मी वाकून बोट दाखवलं. तेवढ्यात पक्षीण समोर आली, एक पंख वाळूवरून फरफटवत, मोडल्यासारखा. आम्ही तिच्या मागे जावं म्हणून ती असं करते.

"बघा, हिच्यासारखीच नाटकी!" जाऊ म्हणाली. पुन्हा हसणं.

सासूने काठ्या उपटल्या, खराटा माझ्या हातात दिला. "जवळा हाऱ्यात नासतोय तिचा. तूच झाड आता. म्हंजे कोन म्हनायचं न्हाय का आमी जागा चोरली."

मी एवढंच म्हणायला हवं होतं की आठ दिवस थांबा. तोंडापर्यंत आलं होतं. सगळ्या बघत होत्या. मी झाडलं. दोन अंडी वाळूत गडगडत गेली, एक खराट्याखाली फुटलं. आत पिल्लू होतं, ओलं, पायही आले होते. "ई गो," म्हणून जावेने पदर नाकाला लावला, मग पायाने वाळू लोटली. उरलेली दोन कुणीतरी कावळ्यांकडे फेकली. तिथे जुनं जाळं अंथरून जवळा पसरला. तो पसरायलाही मलाच लावलं.

दुपारी पक्षीण पोट भिजवून आली आणि जवळ्यावर इकडून तिकडे पळत राहिली. एका जागी बसायची, उठायची, दुसऱ्या जागी बसायची. जाऊ खडे मारून तिला हाकलत होती. "वास आला मेलीला."

पुढच्या रविवारी मिरा रोडची बाई आली. फोटो धुऊन आणला होता. त्यात मी हसत होते.

"काठ्या कुठे गेल्या, ताई?"

"कुत्र्यांनी खाल्ली अंडी," मी म्हटलं.

तिने वहीत तसं लिहून घेतलं. तिचं तोंड उतरलं. मग विचारलं, "अजून कुठे घरटं आहे का हो? तुम्हाला नक्की दिसलं असेल."

तिच्या मागे वीसेक पावलांवर, वाळलेल्या माडाच्या झावळीजवळ, दुसरी पक्षीण बसली होती. बाईने दुर्बीण लावून सगळा किनारा पाहिला, दोनदा तिच्यावरूनच फिरवली. तिला दिसली नाही. इतकं पुस्तक वाचून दिसत नाही, याचं मला बरं वाटलं.

"नाही," मी म्हटलं. "एकही नाही."