व अन्य एक

मंडईत माझी आई कोथिंबीर, मेथी विकायची. गिऱ्हाइकं तिला हाक मारायची, "ए कोथिंबीर, इकडे बघ." आमच्या घरात पदवी मिळवणारी मी पहिली, आणि हे मी मान ताठ ठेवून सांगते. पण माणसाला मालाच्या नावाने हाक मारली की त्याला काय वाटतं, ते मी कॉलेजात नाही, आईच्या गाळ्यावर बसून शिकले. म्हणून ही गोष्ट इतकी जिव्हारी लागली.

कॉम्प्युटर कंपन्या येत होत्या आणि शहर नगर रस्त्याने पसरत चाललं होतं, तेव्हाची ही गोष्ट. वाघोलीत एका गृहस्थांनी मोठा हॉल बांधून गाजलेल्या गुन्ह्यांचं कायमचं प्रदर्शन मांडायचं ठरवलं. पाट्यांवरचा मराठी मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं. मला ते आवडलंही होतं, खोटं कशाला बोलू? असे खून कसे घडले, कसे उघडकीला आले, हे लोकांपुढे राहायला हवं. शहराचा इतिहास म्हणजे काय फक्त पगड्या आणि तलवारी?

एक पाटी बंगल्यातल्या तिहेरी खुनाची होती. एक निवृत्त इंजिनिअर, त्यांची पत्नी आणि त्यांच्या स्वयंपाकघरात काम करणारी बाई. मारणारे दोघे, काही दिवसांपूर्वी त्याच घरातलं फर्निचर पॉलिश करून गेलेले. हॉलच्या मालकांनी मला दिलेल्या कच्च्या मजकुरात दोन्ही खुन्यांचं बालपण होतं, त्यांच्या आवडीनिवडी होत्या, एकाने कोर्टात मारलेला विनोदसुद्धा होता. मेलेल्यांच्या वाट्याला एक ओळ: 'वृद्ध दाम्पत्य व मोलकरीण.'

मजकूर तपासायला मी त्या बंगल्याच्या शेजारी राहणाऱ्या निवृत्त शिक्षिकांकडे गेले. त्यांनी चष्मा लावला, ओळ वाचली आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"मोलकरीण? अहो, पोळ्यांच्या बाई होत्या त्या. धुण्याभांड्याला वेगळी बाई यायची. एवढं शिकलात, तर लिहिण्याआधी विचारावं जरा."

"म्हणूनच आले ना विचारायला."

"उशिरा का होईना." मग त्यांचा आवाज उतरला. "आमच्या खिडक्या समोरासमोर. रोज सकाळी त्यांच्या पोळ्यांचा वास इथपर्यंत यायचा. त्या दिवशी करपल्याचा आला. बाईंची पोळी कधी करपत नसे हो! मी हातातलं टाकून धावले. फाटकाशी ते दोघे भेटले, घाईत. मी चेहरे ओळखले, पॉलिशवाले. कोर्टातही मी आधी पोळीचंच सांगितलं."

म्हणजे तव्यावर ती पोळी करपली नसती, तर ते दोघे गर्दीत कधीच मिसळून गेले असते. आणि कच्च्या मजकुरात काय? 'शेजाऱ्यांच्या सतर्कतेमुळे.' मी पाटी नव्याने लिहिली. शिक्षिकांकडून पोळ्यांच्या बाईंच्या लेकीचा नंबर घेऊन तिला फोनही केला. ती वाघोलीजवळच एका कारखान्यात पॅकिंगला होती.

"आईचं काय लिहिणार?" तिने एवढंच विचारलं.

"पोळ्या करायच्या, आणि त्यांच्या पोळीमुळेच खुनी सापडले, असं."

"मग सुट्टी टाकून येते."

मालकांनी मात्र माझा कागद वाचून हसायला सुरुवात केली. "मॅडम, लोक तिकीट काढून खुनी बघायला येणार. पोळीवाली नाही."

"जेवताना आपल्याला पोळी लागते ना? की खुनी वाढतात ताटात?"

"चिडू नका हो. 'मोलकरीण'ला हरकत आहे ना? शब्द काढतो. झालं?"

मी बावळट. मला वाटलं, जिंकले.

उद्घाटनाच्या दिवशी लेक आली, नवी साडी नेसून. दोघा खुन्यांचे चेहरे माणसाच्या उंचीएवढे मोठे करून लावलेले, वरून दिवे सोडलेले. खाली कोपऱ्यात पाटी: 'वृद्ध दाम्पत्य व अन्य एक.'

तिने ती सावकाश वाचली, मग पुन्हा वाचली. "ताई, ह्यात माझी आई कुठली?"

माझं डोकं फिरलं. काढतो म्हणाले, आणि शब्दाबरोबर बाईच काढून टाकली! मी तिथेच, आलेल्या लोकांसमोर, सगळं मोठ्याने सांगितलं. पोळ्या, खिडकी, करपल्याचा वास, फाटक. माणसं चेहऱ्यांपुढून हटून आमच्याभोवती जमली. गर्दी बघून मालक धावत आले. मला वाटलं, आता हाकलतील. पण त्यांचे डोळे चमकत होते.

"मॅडम, हे आधी नाही का सांगायचं!"

"लिहून दिलं होतं आपल्याला."

"असू दे, असू दे. इथे गॅस, वर तवा. करपल्याचा वास सोडणारं मशीन बसवू. लोक वेडे होतील! ताई, तुमच्या आईंचा फोटो द्या. नाव टाकू, ठळक अक्षरात."

लेक पाटीवरून त्यांच्याकडे वळली. "माझ्या आईची पोळी एकदाच करपली. तुम्ही ती रोज करपवणार?"

"अहो, त्याशिवाय एवढी जागा देणं अवघड आहे बघा."

"मग राहू दे तिला अन्य."

आम्ही दोघी बसस्टॉपवर आलो तरी माझा संताप आवरत नव्हता. खुन्यांना जागा फुकट, आणि मेलेल्या बाईने नाव हवं तर वास सोडून मिळवायचं! मी म्हटलं, "मी लिहीन कधीतरी, नावानिशी."

"नाव नको, ताई. तिचं नाव आलं की लोक त्या दोघांची नावं शेजारी आणून ठेवतात. पोळ्या लिहा."

त्या दोघांची नावं मी इथे लिहिलेली नाहीत. त्यांना भिंत आहे, वर दिवे आहेत. मी पोळ्यांच्या बाईंचं लिहिते. त्या रोज सकाळी ओट्याशी उभ्या राहून पोळ्या करायच्या, आणि त्यांची पोळी कधी करपत नसे.