शनवारा, इतवारा आणि मधलं उत्तर

सहाला दोन-तृतीयांशाने भागलं, तर उत्तर सहापेक्षा मोठं येईल की लहान? घाई करू नका. आमच्या मुलींच्या शाळेत भल्याभल्यांची इथेच फजिती झाली आहे.

मी खालच्या वर्गांना शिकवते. शाळेतले किस्से फळ्याखालच्या खडूच्या भुकटीसारखे. रोज झाडा, तरी साठतातच! त्यातले निम्मे यमुनाबाईंच्या भागाकाराचे.

यमुनाबाई चौथीला गणित शिकवतात. भागाकाराला हात लावण्याआधी मुलीने उत्तराच्या दोन वेशी सांगायच्या, हा त्यांचा नियम. उत्तर याच्या अलीकडे येणारच नाही, तो शनवारा. याच्या पलीकडे जाणार नाही, तो इतवारा. आपल्या बुऱ्हाणपूरचेच दोन दरवाजे, त्यामुळे मुली विसरत नाहीत.

०

वरच्या प्रश्नाला गोदीने उत्तर काढलं, चार.

"गोदे, सहा शेर गूळ आहे. एकेक ढेप शेराहून लहान. मग ढेपा सहाच्या वर की खाली?"

"वर."

"मग तुझ्या चारच कशा? बाकीच्या कुणी खाल्ल्या?"

सगळा वर्ग मागे बसलेल्या गुबगुबीत सखूकडे वळला. सखू ताडकन उभी राहिली. "देवाशप्पथ बाई, मी तर आजच खकनारहून आले!"

मग बाईंनी दोन-तृतीयांश उलटे केले, दीड झाले. सहाची दीडपट नऊ. ढेपा सापडल्या, सखू सुटली!

०

यमुनाबाई नोकरीसाठी आल्या, तेव्हा कमिटीने वय विचारलं होतं.

"पंचविसाच्या पुढे, चाळिसाच्या अलीकडे."

"नक्की सांगा, बाई."

"नक्की कशाला? एवढ्यात नोकरी बसते ना?"

बसली!

०

एकदा बक्षीस समारंभाच्या नाचासाठी परकर शिवायचे होते. कापड दहा वार. एका परकराला अडीच वारांहून थोडं जास्त लागायचं.

"चार होतील," मोठ्या बाई म्हणाल्या. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका.

यमुनाबाई म्हणाल्या, "अडीचने भागलं तर चार. भाजक अडीचहून मोठा, म्हणजे उत्तर चारहून लहान. चौथा व्हायचा नाही."

"ओढूनताणून होईल हो!"

झाला. ओढूनताणून चौथा परकर झाला. तो शिपाईणबाईंच्या नातीला अगदी मापात बसला. नात तेव्हा नुकती चालायला लागली होती.

०

आता सखूची गोष्ट. सखूचं गाव खकनार, इथे ती मामाकडे राहते. मामांचा टांगा आहे. सखूला वेशी झटकन सापडतात, पण नक्की उत्तर काढायचं म्हटलं की संध्याकाळ!

"शंभर भागिले सात?"

"चौदाच्या पुढे, पंधराच्या अलीकडे."

"आणि नक्की?"

"बाई, गल्ली तर सापडली. घर विचारत विचारत जाऊ!"

आमची शाळा चौथीपर्यंतच. सखूच्या वडिलांनी मामांना सांगून ठेवलं होतं, "पाचवी निघाली तर शिकू दे. नाही तर कापूस वेचायला घरी आण." पाचवी काढायची की नाही, हे ठरणार होतं इन्स्पेक्टरसाहेबांच्या रिपोर्टावर.

साहेब आले. चौथीत गेले, आणि नेमका सखूलाच भागाकार घातला. सखूने शनवारा सांगितला, इतवारा सांगितला, आणि थांबली.

"हे काय? सरकारला नक्की उत्तर लागतं," साहेब म्हणाले. मग मोठ्या बाईंकडे वळून, "पाचवीची एवढी घाई कशाला? आधी चौथी नीट होऊ द्या."

सखूने मान खाली घातली. यमुनाबाईंनी हातातला खडू मोडला.

आम्ही सगळ्या साहेबांना पोचवायला दारापर्यंत गेलो. बाहेर सखूच्या मामांचाच टांगा उभा होता. साहेबांनी टांग्यात चढून घड्याळ पाहिलं. "गाडीला अर्धा तास आहे. स्टेशन दोन मैल. आरामात पोचू."

"नाही पोचणार, साहेब," मागून सखू बोलली.

मोठ्या बाईंनी डोळे वटारले. पण साहेब हसले. "का गं?"

"ही चांदणी तासाला चार मैल कधीच चालत नाही. तासाला चारहून कमी, म्हणजे एका मैलाला पाव तासाहून जास्त. दोन मैलांना अर्ध्या तासाहून जास्त."

"अरे बेटा, घोडीची इज्जत तरी ठेव!" मामा ओरडले. "चार पानाची दुकानं लागतात रस्त्यात. थांबते बिचारी, सवय आहे!"

"बरं, मग नक्की किती वेळ लागेल?" साहेबांनी विचारलं. "नक्की सांग, मी खाली उतरतो."

सखूने चांदणीकडे पाहिलं. चांदणीने शेपटी हलवली.

"नक्की नाही सांगता येत, साहेब. शनवारा अर्धा तास. इतवारा चांदणीच्या मर्जीवर."

"बघा! पुन्हा तेच!" साहेब मोठ्या बाईंना म्हणाले, आणि टांगा निघाला. कोपऱ्यावरच्या पहिल्या पानवाल्यापाशी तो थांबलेला आम्ही दारातूनच पाहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळा उघडायला गेले, तर साहेब मांडीवर वळकटी घेऊन ओट्यावर बसले होते. मला पाहून उठले, आणि पाचवीसाठी कोणती खोली देणार, ते दाखवा म्हणाले.