एक सेल्फ

सकाळी बिल्डिंगच्या फाटकातून कुणीही बाहेर पडू लागलं की काका विचारायचे, "सोडू का कुठे?"

विचारताना एक हात गाडीच्या बॉनेटवर असायचा, घरच्या म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा. गाडी म्हणजे जुनी पांढरी पद्मिनी. शांती नगरात तेव्हा जो तो हप्त्यांवर नवी गाडी घेत होता, आणि या गाडीत बसून स्टेशनला उतरायची लोकांना लाज वाटायची. "नको काका, रिक्षा आहे," असं सगळे म्हणायचे. रिक्षा नसली तरी म्हणायचे. तुमच्याही बिल्डिंगमध्ये असा एखादा काका असेल, आठवून बघा.

माझं घर तळमजल्यावर. स्वयंपाकघराच्या खिडकीखालीच ती गाडी उभी असायची. फडकं मारून झालं की काका आत बसायचे, चावी फिरवायचे, गाडी सुरू झाली की खिडकीकडे बघून एक बोट वर करायचे.

"वहिनी, एक सेल्फ."

म्हणजे स्टार्टर एकदाच मारला आणि इंजिन चालू. दुसऱ्यांदा मारावा लागला नाही. हा त्या माणसाचा एकुलता एक माज. एरवी इतका गरीब स्वभाव, की रिकाम्या लिफ्टमध्येसुद्धा कोपऱ्यात उभा राहायचा.

मी मुळात फटकळ. धूर सगळा माझ्या पोह्यांवर येणार, तर गप्प किती दिवस बसणार? एकदा विचारलंच, "काका, जायचं कुठे नाही, मग रोज पेट्रोल कशाला जाळता?"

"उभी राहिली की बिघडते हो. गरम ठेवावी लागते."

"पण कशासाठी?"

"कुणाला तरी लागेल की."

मी खिडकी ओढून घेतली आणि पोहे ढवळत बसले.

काकू होत्या तेव्हा गाडी खरंच लागायची. शनिवारी दोघं जवळच्या राई गावात मासळी आणायला जायची, गणपतीला थेट रत्नागिरीपर्यंत. काकू कायम डाव्या बाजूला, मांडीवर डबा. "घाटात एकदा म्हणून तापली नाही," काका सांगू लागले की काकू म्हणायच्या, "गाडीचंच कौतुक करा. ती एका सेल्फला उठते. मला उठवायला तीन हाका माराव्या लागतात ना."

मग काकू आजारी पडल्या आणि गेल्या. शेवटचं हॉस्पिटलला नेलं तेही याच गाडीतून. "त्या दिवशीसुद्धा एका सेल्फला सुरू झाली. वेळेत पोचलो होतो," असं काका म्हणायचे. ते गाडीचं कौतुक करतायत की देवाकडे तक्रार, मला शेवटपर्यंत कळलं नाही. मूलबाळ नव्हतं. घरात बोलायला कुणी उरलं नाही, म्हणून माणूस सकाळ झाली की खाली येऊन गाडीपाशी उभा राहायचा. एवढी साधी गोष्ट, पण आम्ही सगळे घाईत होतो.

एके दिवशी सेल्फचा आवाज आला, पण बोट वर झालं नाही. मी गॅस बंद करून बाहेर धावले. काका स्टिअरिंगवर वाकलेले, छातीवर हात, शर्ट घामाने भिजलेला.

"वहिनी, जरा बरं वाटत नाहीये."

गाडीवाले पुरुष सगळे ऑफिसला गेलेले. लायसन्स होतं ते माझ्याकडे. नुकतीच मी गाडी शिकले होते, नवऱ्याच्या मते लोकांच्या जिवावर उठून. वॉचमन रिक्षा बघायला निघाला, तर काका म्हणाले, "गाडी चालू आहे ना. बंद कशाला करता?" आणि स्वतःच हळूहळू डावीकडे सरकले. पुढची सीट सलग होती, बाकासारखी.

मी बसले आणि गियर सापडेना. मी शिकले त्या गाडीचा गियर खाली, दोन सीटच्या मधे. हिचा वर, स्टिअरिंगला चिकटलेला दांडा.

"आधी आपल्याकडे ओढा," काका धापा टाकत म्हणाले. "जोर नको. ती ऐकते. हां, बसला."

निघालो. मला भीती वाटत होती, हे गप्प झाले तर काय करायचं. म्हणून म्हटलं, "बोला काका, कुठे सोडू?"

ते हसले. रोज स्वतः विचारायचे तेच कुणीतरी त्यांना विचारत होतं. मग मान माझ्याकडे वळवून बघत राहिले.

"इथे बसलं की चालवणाऱ्याचं तोंड दिसतं होय," ते म्हणाले. "मला माहीतच नव्हतं. म्हणजे ही इतकी वर्षं माझ्याकडेच बघत होती."

माझ्या डोळ्यांसमोरचा रस्ता धूसर झाला आणि वळणावर इंजिन बंद पडलं. मागून हॉर्न सुरू. मी चावी फिरवली. गाडी लगेच सुरू झाली. काकांनी छातीवरचा हात काढला आणि एक बोट वर केलं.

हॉस्पिटलमधून काका परत आले नाहीत.

गाडी महिनाभर खिडकीखाली धूळ खात उभी होती. चिपळूणहून पुतण्या आला, त्याने ती खारी गावातल्या मेकॅनिकला दिली. हा आमचा ओळखीचा मेकॅनिक, काकांची गाडी वर्षानुवर्षं तोच बघायचा. बॅटरी उतरली असणार म्हणून वायरी घेऊनच आला होता. मी खिडकीत उभी राहिले. त्याने सहज चावी फिरवून बघितली.

एक सेल्फ.

वायरी मागे टाकत त्याने मला विचारलं, "भाभी, स्टेशन साइड जा रहा हूँ. छोड दूँ?"

स्टेशनला माझं काहीच काम नव्हतं. रिक्षा आहे, असं म्हणायला तोंड उघडलंसुद्धा.

"रुको, चप्पल पहनती हूँ," मी म्हटलं, आणि जाऊन डाव्या बाजूला बसले.