डबी भरलेली होती

माझ्या आत्याचा कुणावरच विश्वास नाही. दुधाची पिशवी ती आधी उजेडात धरून बघते. घड्याळात किती वाजले ते दुसऱ्या घड्याळाला विचारते. मी "जेवले" म्हटलं, तर स्वयंपाकघरात जाऊन उष्टं ताट शोधते. लग्न का केलं नाहीस, असं कुणी विचारलंच तर म्हणते, "एकाची चौकशी चालू होती. ती पुरी होईतो त्याने दुसरीशी उरकलं." गल्लीत तिला फौजदार म्हणतात. तोंडावर मात्र ताई.

घराच्या खालच्या खोलीत तिचं मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान आहे आणि तिथे हा स्वभाव फुकट जात नाही. गिऱ्हाईक सांगेल ते ऐकायचं आणि सांगणार नाही ते गाडीकडून काढून घ्यायचं, अशी तिची रीत.

तर त्या दिवशी सिस्टर तिसऱ्यांदा आली. सिस्टर म्हणजे घरोघरी जाऊन म्हाताऱ्याकोताऱ्यांची ड्रेसिंग, इंजेक्शनं करणारी नर्स. टेकडीवरच्या वस्तीत तिच्या रोज दोन खेपा. चढ जेवढा, उतार तेवढाच.

"ताई, पुन्हा."

"पुन्हा काय?"

"थेंब. पुढच्या चाकाखाली. सकाळी बघते तर एवढा डाग!" तिने तळहात पसरून दाखवला.

आत्याच्या कपाळावर आठी आली. पहिल्या खेपेला तिने पुढच्या शॉकअपचं तेल अडवणारं एक सील बदललं होतं, दुसऱ्या खेपेला दोन्ही.

"माझ्या हातचं सील एवढ्यात गळणार नाही. सिस्टर, खरं सांग. कुठे आपटलीस?"

"नाही हो!"

"कुणाला दिली होतीस?"

"कुणाला देणार? नवरा सहा महिने जहाजावर. घरात मी नि सासरे. ते बिचारे गाडी पुसतात, तेवढंच."

"मग कोण?"

सिस्टरने मागे वळून बघितलं आणि आवाज खाली आणला. "मला विचाराल तर, शिंपी."

"कोण शिंपी?"

"आमच्या खालचा. गाडी त्याच्या दारासमोर लावते म्हणून सारखा धुसफुसत असतो. आणि दिवसभर हातात कात्री!"

"म्हणजे तो काय कात्रीने तुझ्या ब्रेकचा पाइप बेतणार?"

मी खुदकन हसले. आत्या हसली नाही. ब्रेक हा शब्द तिच्याच तोंडून निघाला होता आणि आता ती त्याच्याकडेच संशयाने बघत होती.

"उतारावर ब्रेक कसा लागतो गं?"

"लागतो की. जरासा मऊ वाटतो. संध्याकाळी जास्त. सकाळी एकदम छान असतो."

"संध्याकाळी मऊ, सकाळी छान? ब्रेक आहे की माणूस, झोपून उठला की ताजातवाना व्हायला?" मग माझ्याकडे वळून, "वाटीत पाणी आण."

पुढच्या चाकाशी ब्रेकचे पॅड धरून ठेवणारा ठोकळा असतो, त्याला कॅलिपर म्हणतात. त्याच्या बुडाशी लोंबणारा थेंब आत्याने बोटावर घेतला आणि पाण्यात सोडला. शॉकअपचं तेल असतं तर वर तवंग आला असता. हा थेंब साखरेसारखा विरघळून दिसेनासा झाला.

"ब्रेक ऑइल," आत्या म्हणाली. "आणि हे मडगार्ड बघ. रंग कसा फुगलाय. ब्रेक ऑइल रंग खातं. मला आधी दिसायला हवं होतं."

"पण ताई, दोन्ही वेळा तुम्हीच बघितलंत ना? डबी भरलेली होती!"

हे मात्र आत्याला लागलं. हँडलवर ब्रेक ऑइलची डबी असते. तिला छोटीशी काच असते. ऑइल गळत असेल तर डबीतली पातळी उतरणारच. ती उतरली नव्हती, म्हणून आत्याने दोनदा सीलवर आळ घेतला. सख्ख्या भाचीच्या जेवणावर विश्वास न ठेवणारी बाई एका डबीवर विश्वास ठेवून बसली होती.

तिने टॉर्च आणला. डोळा काचेला लावला.

"हे ऑइल कधी बदललंस?"

"कधीच नाही. गाडी घेतली तेव्हाचं. दोन वर्षं झाली."

"दोन वर्षांचं ऑइल काळपट होतं. हे बघ, आत्ता बाटलीतून ओतल्यासारखं आहे. आणि झाकणाचे स्क्रू? सगळे ओरबाडलेले. सिस्टर, कुठेतरी पाणी मुरतंय."

"ऑइल," मी म्हटलं.

"तू गप्प बस. पावडरचा डबा आण."

तिने कॅलिपर पुसून कोरडा केला, वर अंगाला लावायची पावडर भुरभुरली आणि ब्रेक दहा-बारा वेळा दाबला. पाइप ज्या बोल्टने कॅलिपरला जोडलेला असतो, तिथे पावडरीतून एक ओली रेघ हळूच खाली सरकली.

"हा बोल्ट कुणीतरी सोडलाय. पुन्हा बसवताना तांब्याचा वॉशर जुनाच घातलाय, तो दुसऱ्यांदा घट्ट बसत नाही. माझ्या दुकानात तर हे झालेलं नाही."

"मग घाला ना नवीन!"

"घालते. पण जो कोण आहे त्याने उद्या परत बोल्ट सोडला तर? उतारावरून मला फोन करणार आहेस? आधी माणूस, मग वॉशर." तिने गाडीची चावी स्वतःच्या खिशात टाकली. "माझी स्कूटर घेऊन जा. ही गाडी मी ढकलत तुझ्या दाराशी आणून लावते. घरात चकार शब्द काढायचा नाही. आणि तू गं, ते तुझं भडक गुलाबी नेलपॉलिश आण."

डबीच्या प्रत्येक स्क्रूवर, अर्धा स्क्रूवर नि अर्धा झाकणावर, असा एकेक ठिपका तिने दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आम्ही सिस्टरच्या दाराशी हजर. गाडी जागेवरच उभी. खाली डाग. डबी काठोकाठ. आणि चारही ठिपके दुभंगलेले.

"बघा! सांगत नव्हते? शिंपीच!" सिस्टर पदर खोचल्यासारखी ओढणी बांधून निघालीच. "कालसुद्धा चांगलं सुनावलंय मी त्याला. आज तर..."

आत्याने तिचं मनगट धरलं. "अगं, वैरी असता तर ऑइल काढून घेतलं असतं. हा भरतोय. एवढा प्रेमळ शिंपी मी तरी बघितला नाही. चल वर."

वर सिस्टरचे सासरे खुर्चीचा ढिला झालेला हात घट्ट करत बसले होते. "या, या! सून तुमचं फार नाव घेते."

"काका, स्क्रूड्रायव्हर बघू जरा."

"घ्या की."

आत्याने तो दुधाच्या पिशवीसारखा उजेडात धरला. टोकाला गुलाबी कपचा चिकटला होता.

"सिस्टर, तू नेलपॉलिश लावतेस?"

"ड्यूटीवर चालत नाही."

"मग घरात लावतं कोण? काका?"

काकांनी आधी स्वतःच्या नखांकडे बघितलं, मग सुनेकडे. मग चष्मा काढून ते तो पुसतच बसले. ते एकतीस वर्षं बस चालवत होते, हे त्यांनी आधी सांगितलं. बाकीचं तुकड्यातुकड्यांनी आलं.

"पॅड झिजले होते. म्हटलं, पोरगी दमून येते, आपणच बदलावेत. अंधुक दिसतं हल्ली. भलताच बोल्ट सोडला. भसकन ऑइल आलं."

"मग सांगायचं ना, बाबा!"

"कसं सांगणार? तूच म्हणाली होतीस, गाडीला हात लावू नका, तुम्हाला आता दिसत नाही." मग एकदम ताठ होऊन, "पण एक दिवस चुकलो नाही! रोज पाचला उठतो, डबी बघतो, भरतो. एकदा तरी ब्रेकने दगा दिला का, सांग!"

"आणि एखाद्या दिवशी उठला नाहीत तर?" आत्याने विचारलं.

काका पुन्हा चष्मा पुसायला लागले.

"ताप आला, डोळा लागला, काहीही," आत्या म्हणाली. "ती बिचारी निश्चिंत उतार उतरणार. काका, तुम्ही डबी भरली नसतीत, तर मी पहिल्याच दिवशी गळती पकडली असती."

काकांनी चष्मा लावला नाही. हातातच धरून ठेवला. राग कुणावर काढावा हे सिस्टरला कळेना. शेवटी ती कपाळाला हात लावून म्हणाली, "आणि मी त्या शिंप्याला काय काय बोलले हो! चोर सोडून संन्याशाला फाशी!"

काम तिथेच, शिंप्याच्या दारासमोर झालं. आत्याने वॉशर नवे घातले, ऑइलने भिजलेले पॅड बदलले. पाइपातली हवा काढायला दोन माणसं लागतात. मी पुढे झाले, तर आत्याने मला बाजूला सारलं. "काका, लिव्हर धरा."

"मी?"

"एकतीस वर्षं पायाने दाबलात ना? आता हाताने. दाबा. धरा. सांगेपर्यंत सोडायचं नाही."

काकांनी सोडलं नाही. कपाळावरून घाम ओघळला तरी नाही. शिंपी दारात उभा राहून बघत होता. सिस्टर त्याच्यासमोर गेली, काहीतरी पुटपुटली. तो एवढंच म्हणाला, "गाडी हातभर बाजूला लावा, झालं."

दुपारी सिस्टर खेपेला निघाली. रस्त्याच्या टोकाला, टेकडीचा चढ लागण्याआधी, एक छोटा उतार आहे. तिथे मागचा लाल दिवा लागला, गाडी जागच्या जागी थांबली, मग सावकाश वळणाआड गेली.

"बघा," काका त्यांनीच गाडीखाली अंथरलेला कागद दाखवत म्हणाले, "थेंब नाही!"

आत्या खाली वाकली आणि कागदावरून बोट फिरवून बघितलं.