टॅपेटची टकटक

नऊ वर्षांपूर्वी मी एक जुनी फोर-व्हील ड्राइव्ह जीप घेतली. चौथ्या हातातली. वाळूजच्या कारखान्यात आठवडाभर मशीनच्या पार्टांची तपासणी करायची आणि रविवारी डोंगरातल्या कच्च्या वाटांनी भटकायचं, एवढीच हौस. पण चढ आला की गाडी धापा टाकायची. सकाळी चालू करताना तर सगळी गल्ली धुरानं भरून जायची.

मुकुंदवाडीत एक वयस्कर मिस्त्री होते. सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणू लागलो. इंजिन चालू ठेवून त्यांनी डिझेलच्या नळ्यांचे नट एकेक करून ढिले केले. तिसरा ढिला केला तरी इंजिनाच्या आवाजात काही फरक पडला नाही. "हा सिलिंडर आधीच झोपलाय साहेब," ते म्हणाले. मग हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा ठोकळा, उतरवून उलटं ठेवलं आणि धुराच्या वाटांमध्ये रॉकेल ओतलं. तिसऱ्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हच्या कडेनं थेंब पाझरायला लागले. व्हॉल्व्ह नीट बसत नव्हता.

व्हॉल्व्ह घासायचं काम त्यांनी दुसऱ्या कुणाला दिलं नाही. पेस्ट लावून, रबरी टोकाची काठी दोन्ही तळव्यांत धरून ताक घुसळल्यासारखी फिरवत राहिले. मध्येच पुसून बोटानं कड चाचपायचे. दीड दिवस लागला. मग टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या खुंटीची, फट लावताना मला बजावलं, "थोडी टकटक राहणार. हात लावू नका. व्हॉल्व्ह गरम झाला की लांबतो, त्याला जागा लागती. चूप कराल तर जळंल."

मी हो म्हटलं. गाडी झकास चालली. पण कॉलनीत शिरलो की शेजारचे हसायचे, "काय हो, शिलाई मशीन घेतली का?" मी क्वालिटीतला माणूस. आमच्याकडे आवाज आला म्हणजे पार्ट बाद. एका रविवारी टॅपेटवरचं झाकण उघडलं आणि आवाज बंद होईपर्यंत टॅपेट आवळले. गाडी शांत झाली. शेजाऱ्याला मुद्दाम बोलावून ऐकवलीसुद्धा.

दोन महिन्यांत ती पुन्हा धूर टाकत फटफट करायला लागली. काय झालं ते मला लगेच कळलं. आणि तेव्हा मी जे केलं, ते आजवर घरातही बोललो नाही. चाचांकडे न्यायच्या आधी फट पुन्हा त्यांच्या मापाला आणून ठेवली.

त्यांनी हेड खोललं. त्याच व्हॉल्व्हची कड जळून खपली निघाली होती. "फट तर बरोबर हाय," ते स्वतःशीच म्हणाले. "म्हणजे माझी घिसाईच कच्ची राहिली." बाकावर बसलेला एक रिक्षावाला म्हणाला, "चाचा, अब चश्मा बदलो!" सगळे हसले. चाचाही हसले. मी मोबाइलमध्ये बघत उभा राहिलो.

त्या दिवसानंतर त्यांनी व्हॉल्व्ह घासायला घेतले नाहीत. हेड आलं की "हात गेला आपला," म्हणत मशीनवाल्याकडे पाठवायचे. पुढं ग्रीस आणि ऑइल बदलण्यापुरतेच उरले. मी मात्र त्यांच्याकडेच जात राहिलो, जणू त्यानं काही भरून निघणार होतं. दरवेळी सांगायचं ठरवून निघायचो आणि ऑइल बदलून परत यायचो.

गेल्या महिन्यात जीप विकली. आता त्यांच्याकडे जायला निमित्तच उरलं नाही, म्हणून गेलो आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. टॅपेट आवळलेले, मग फट परत लावलेली, रिक्षावाल्याच्या बोलण्यावर गप्प राहिलेलो.

मग त्यांनी विचारलं, "म्हणजे घिसाई बरोबर होती?"

"बरोबर होती, चाचा."

"पक्की बसली होती?"

"पक्की."

ते आपल्या तळव्यांकडे बघत राहिले. मला वाटलं, शिव्या घालतील. त्यानं बरं वाटलं असतं.

"तवाच सांगायचं होतं ना," ते म्हणाले. "अजून पाच-सात वर्षं केलं असतं मी हे काम. आता खांदा उचलत नाय."

ते उठून आत गेले. मी थोडा वेळ थांबलो. ते बाहेर आले नाहीत.