न लिहिलेली जखम

पिंपरीतल्या एका कारखान्याच्या दवाखान्यात मी बारा वर्षं काढली, आणि त्यातली निम्मी उभ्यानेच गेली. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक पलंग, औषधांचं कपाट आणि दुपारी दोन तास येणारे डॉक्टर. बाकी वेळ मी एकटी. साहेब लोक मला सिस्टर म्हणत, कामगार बाई म्हणत, आणि बिनसलं की दोघंही काहीच म्हणत नसत. आता पाय दुखायला लागले की मला तो दवाखानाच आठवतो.

सत्तर सालानंतरची गोष्ट आहे. आमच्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे जिथे यंत्राखाली पत्रा दाबून भाग काढत तिथे, दाराशी एक काळा बोर्ड लागला. अपघाताशिवाय किती दिवस गेले, ते रोज सकाळी त्यावर खडूने लिहायचं. शंभर दिवस झाले की खात्यातल्या प्रत्येकाला झाकणाचा मोठा स्टीलचा डबा. मध्येच कुणाला लागलं, तर सगळ्यांसाठी पुन्हा शून्यापासून मोजणी. ज्याच्या डोक्यातून हे निघालं तो माणूस वाईट नव्हता. डबा घरी हवा असणारे कामगार वाईट नव्हते, आणि आपल्या खात्याचं नाव व्हावं असं वाटणारा फोरमन तर नव्हताच. आपापल्या जागी सगळे शहाणे होते.

आधी माझ्या दारातली रांग कमी झाली. लोक जपून काम करायला लागले, असं मी समजले. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. दुपारचा चहा गरम असताना प्यायला मिळू लागला. मग मागच्या दाराने एकेक जण यायला लागला. बोटाला तेलकट चिंधी गुंडाळलेली, आणि तोंडात एकच विनंती, की नुसतं बांधा, अपघाताच्या रजिस्टरमध्ये लिहू नका. मी रागवायचे, तोंडाला येईल ते बोलायचे, आणि बांधून द्यायचे. लिहीत नसे.

मला तरी हे कळायला हवं होतं. इथे येण्याआधी मी तीन वर्षं कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यात होते. रोग बोटं खातो, असं लोकांना वाटतं. तसं नसतं. हाताची जाणीव जाते. मग तो हात चुलीवरचं भांडं तसाच उचलतो, खिळा तसाच धरतो. दुखत नाही म्हणून जखम कळत नाही, कळत नाही म्हणून तिच्याकडे कुणी बघत नाही, आणि बोट झिजून जातं. रोज संध्याकाळी मी त्या माणसांना ओळीने बसवून स्वतःचे तळवे डोळ्यांनी तपासायला लावत असे. एवढं करून आलेली मी, इथे मागच्या दाराशी बसून एका अख्ख्या खात्याचा हात बधिर करत होते.

बोर्डावर शहाण्णव होते त्या दिवशी तळवड्याचा एक प्रेसवाला आला. जुन्या शेतकरी घरातला, अबोल माणूस. पहाटे म्हशींच्या धारा काढायच्या, गोठा साफ करायचा आणि मग सायकलने कामावर यायचं, असा त्याचा रोजचा क्रम. पत्र्याचा कोपरा हाताच्या तळव्यात घुसला होता. तोंड बारीक, पण जखम खोल. शेणामातीत वावरणारा माणूस, त्याला धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायलाच हवं होतं. मी कपाट उघडलं आणि थांबले. प्रत्येक कुपीपुढे रजिस्टरमधल्या अपघाताचा क्रमांक लिहिल्याशिवाय कुपी फोडायची नाही, असा नियम होता. मध्यंतरी औषधं नाहीशी व्हायला लागली होती, म्हणून तो नियम मीच भांडून करून घेतला होता.

तो म्हणाला, चार दिवस राहिलेत, माझ्यापायी सगळ्यांचं नको. मी जखम धुतली, घट्ट बांधली आणि बजावलं की आजच बाहेरच्या डॉक्टरकडे जाऊन इंजेक्शन घे. त्याने मान हलवली. मला सुटल्यासारखं वाटलं. तो डॉक्टरकडे गेला नाही. घरी गेला, हळद भरली आणि दुसऱ्या पहाटे गोठ्यात उतरला.

चार दिवसांनी डबे वाटले गेले. पेढेही होते. मला दोन मिळाले आणि मी ते खाल्ले.

त्यानंतर चौथ्या दिवशी त्याचा जबडा आवळला. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात त्याला अंधाऱ्या खोलीत ठेवलं होतं, कारण उजेडाने, आवाजानेही शरीर धनुष्यासारखं ताठत होतं. आमच्या डॉक्टरांनी मला एवढंच सांगितलं की हे जंतू हवा लागत नाही अशा बंद जागी वाढतात. ते सहज बोलले होते. मला मात्र मी घट्ट बांधलेली ती पट्टी दिसत राहिली.

दोन दिवसांनी त्याची बायको आली. गेटवर तिला नवऱ्याच्या वाट्याचा, न्यायचा राहिलेला डबा दिला होता, तो तिने पोटाशी धरला होता. रजेचा कागद माझ्या सहीसाठी होता. कारकुनाने कारणापुढे ‘ताप’ असं आधीच लिहून ठेवलं होतं. अपघात म्हटला, तर बरा होईपर्यंत नोकरी शाबूत. ताप म्हटला, तर रजा संपली की नाव कमी. तिला वाचता येत नव्हतं.

“बाई, ह्यात हाताचं लिवलंय ना?” तिने विचारलं.

मी नाही म्हणाले. मग रजिस्टर ओढलं आणि लिहिलं. जखम कोणत्या दिवशीची, कुठे लागली, मी बांधली, नोंद केली नाही आणि इंजेक्शन दिलं नाही. खाली सही केली. हे धैर्य वगैरे नव्हतं. मी फार थकले होते.

बोर्ड शून्यावर आला. फोरमनला डबे परत गोळा करावे लागले. काहींच्या डब्यात लोणचं घालून झालं होतं. मला मेमो मिळाला, पण त्याचं काही वाटलं नाही. खातं माझ्याशी बोलेनासं झालं, ते मात्र लागलं. लोक बाहेरच पट्ट्या बांधून यायला लागले. माझं मागचं दारही ओस पडलं.

पाच महिन्यांनी तो परत आला. अर्धा झाला होता. त्याला हत्यारांच्या खोलीत बसून करायचं काम दिलं होतं. मी समोर जायचं टाळत होते.

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो पुढच्या दाराने आत आला. मागे प्रेस शॉपचे चार-पाच जण होते, काय होतंय ते बघायला आले असावेत. त्याच्या मनगटावर ओरखडा होता, घरी असता तर त्याने पाण्याखालीही धरला नसता. मध्ये एकदा मोजणी पुन्हा सुरू झाली होती; बोर्डावर त्या दिवशी एकोणचाळीस होते, आणि ते सगळ्यांनाच माहीत होतं. मी कापूस हातात घेतला.

“आदी लिवा, बाई,” तो म्हणाला. “मग बांधा.”

मी कापूस खाली ठेवला आणि रजिस्टर उघडलं. अक्षर वेडंवाकडं आलं. क्रमांक घातला, कुपी फोडली, इंजेक्शन दिलं. मान वर केली, तेव्हा त्याच्या मागे उभा असलेला माणूस अंगठ्याची चिंधी सोडत होता.