शांतवनमामांच्या चकत्या

शांतवनमामा गेल्याचं मला कळलं ते संस्थानच्या सरहद्दीच्या या बाजूला, आमच्या छावणीच्या विहिरीवर. जालन्याकडून सरकी घेऊन आलेल्या एका गाडीवानानं माझं नाव दोनदा विचारून घेतलं, मग धोतराच्या सोग्याची गाठ सोडून चिंधीत बांधलेलं काहीतरी माझ्या हातावर ठेवलं. म्हणाला, तुमच्या मामीनं दिलंय, मामांना बुधवारी माती दिली. खरं सांगतो, माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की याच्या मागावर कुणी आलं तर नाही ना... रडू नंतर आलं. त्याला आता तीन आठवडे झाले. छावणीतले पुढारी म्हणतात, चळवळीचा हुतात्मा म्हणून एक जोरदार पत्रक काढ, तुला ते चांगलं जमतं. जमतं, पण मी काढणार नाही. मामा चळवळीत नव्हतेच. त्यांना तिच्यात कुणी ओढलं, ते या पुरवणीच्या वाचकांना सांगायचं आहे.

मामा जुन्या जालन्यात राहायचे, केकताडाच्या वाखाचे दोर वळून पोट भरायचे आणि आमच्या ख्रिस्ती मंडळीचे वडील होते. वडील म्हणजे पाळकसाहेबांच्या बरोबरीनं मंडळीची काळजी वाहणारा माणूस. पगार नाही, मान थोडा, पायपीट फार. प्रभुभोजनाच्या, म्हणजे चर्चमध्ये सगळ्यांनी मिळून प्रभूच्या नावानं भाकर मोडायच्या दिवसाच्या, आदल्या आठवड्यात वडिलांनी घरोघर जायचं, कुणाचं कुणाशी वाकडं आहे का ते विचारायचं, आणि ज्याचं मन साफ त्याच्या हातावर शिशाची एक छोटी चकती ठेवायची, अशी आमच्याकडची रीत. रविवारी ती चर्चच्या दारात वडिलांच्या हातात परत द्यायची, तेव्हा कुठे प्रभूच्या मेजाशी जागा. आमच्या हसनाबादच्या आठ-दहा घरांसाठी मामा दोन दिवस चालत यायचे. मी लहान असताना आईचं आणि शेजारच्या सगुणाकाकीचं एका शेळीवरून वाजलं होतं. मामा दोन दारांच्या मधोमध बसून राहिले, पाणीही घेईनात. आईनं भाकरी झाली म्हणून हाक दिली तर म्हणाले, "जेवतो की. आधी शेळीचं मिटू दे." दुपार टळली. शेवटी काकीच बाहेर आली. "अक्का, तुझा भाऊ उपाशी मरंल अन् पाप माझ्या डोक्यावर येईल. घे ती शेळी." आई म्हणाली, "मला न्हाई पायजे, मारकुटी हाय ती." दोघी हसल्या. मामांनी दोन चकत्या काढल्या, आणि मग पाच भाकरी खाल्ल्या.

मला अक्षरं त्यांनीच शिकवली, पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या पुस्तकावरून, दोर वळता वळता. त्याच अक्षरांनी मी पुढं संस्थानच्या जुलमाविरुद्ध पत्रकं लिहायला लागलो. हत्यारबंद टोळ्या गावोगाव फिरत होत्या, घरं जळत होती, आणि तक्रारीचा अर्ज घेऊन गेलेल्यालाच चौकीत बसवून ठेवत होते. याला राज्य म्हणायचं? मामांनी माझं एक पत्रक वाचलं आणि म्हणाले, "पैल्याच ओळीत लिवलंय, भिऊ नका. अन् तू तर दार वाजलं की माळ्यावर चढून बसतो." पण त्यांनी मला बजावलं होतं, तुझे कागद माझ्या पिशवीत घालायचे नाहीत, या पिशवीला लोक दार उघडतात ते मंडळीच्या कामासाठी. मी ऐकलं नाही. त्या पिशवीची झडती कुणी घेत नाही, एवढंच मला दिसत होतं. या उन्हाळ्यात ते हसनाबादला निघाले, मी सोबत निघालो, आणि निघण्याआधी त्यांच्या नकळत चकत्यांच्या खाली पत्रकांची गड्डी सारली.

भोकरदनच्या अलीकडे नाक्यावर आम्हाला अडवलं. पोलिसांच्या अमीनानं, म्हणजे तिथल्या फौजदारानं, पिशवी खाटेवर उलटी केली. चकत्या सांडल्या. "सिक्के ढालता क्या रे बुड्ढे?" म्हणून शिपाई हसले. मामाही हसले आणि आमची रीत समजावून सांगायला लागले... तेवढ्यात गड्डी पडली. मामांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. हे कुणाचं, म्हणून अमीनानं विचारलं. मामा म्हणाले, "मला ठाव हाय, साहेब. पण सांगणार न्हाई." पहिली काठी त्यांच्या मनगटावर बसली. मग अमीन माझ्याकडे वळला. तू याचा कोण? भिऊ नका असं गावोगाव वाटत फिरणारा मी... मी म्हणालो, "वाटंत भेटले. वळख न्हाई." खोटं कधी खपवून न घेणारे मामा मान खाली घालून चकत्या वेचत राहिले. मला सोडलं. मी मागं वळून पाहिलं नाही. आवाज मात्र ऐकू येत होते, पार ओढ्यापर्यंत... चार दिवसांत मी सरहद्द ओलांडली.

मामांना दीड महिना कोठडीत ठेवलं. सुटले तेव्हा उजव्या हाताची बोटं मिटत नव्हती, म्हणजे दोर वळणं संपलं. छातीतला खोकला थांबत नव्हता. म्हाताऱ्या दोरवाल्याची बोटं मोडून त्या राज्यानं काय वाचवलं, ते त्यालाच ठाऊक. इकडे मला पलीकडच्या बंदुकांपेक्षा एकाच गोष्टीचं भय होतं, मामा मला काय म्हणत असतील... प्रभुभोजन जवळ आलं तसे ते मामीच्या खांद्यावर हात ठेवून जालन्यातली घरं फिरले. घरी येऊन त्यांनी एक चकती वेगळी काढली. पुढचं मामीनं त्या गाडीवानाकडून पाठ करून घेतलं होतं, आणि त्यानं विहिरीवर ते मला जसंच्या तसं सांगितलं. "ही भाच्याची," मामा म्हणाले. "माझं त्याच्याशी कायबी वाकडं न्हाई म्हनावं." मामीनं विचारलं, तो येऊन एक शब्द बोलला न्हाई, तरी? तर म्हणाले, "भेलाय तो. भेलेल्याच्या दारात वडिलानं जायचं असतं. मला चालवत न्हाई, म्हून धाड."

ती चकती माझ्या खिशात आहे. अंगठ्याच्या नखाएवढी, एका कडेला चेपलेली. नाक्यावर कुणाच्या तरी बुटाखाली आली असावी. चकती ठेवून घ्यायची नसते, चर्चच्या दारात परत द्यायची असते. त्यासाठी सरहद्द ओलांडून जालन्याला जावं लागेल, आणि वाटेत कुणीतरी अडवून विचारीलच, तो दोरवाला म्हातारा तुझा कोण. मी रोज विहिरीवर कुणी नसताना उत्तराचा सराव करतो, मोठ्यानं, "माझा मामा" म्हणून. आवाज अजून कापतो. आणि पाणी भरायला येणाऱ्याची चाहूल लागली, की गप्प होतो.